प्रकरण ६ : गाडी सोडा, डोंगर चढा

पुरावर बोलायला उभं राहिलं की एक प्रश्न हमखास येतो. "अहो, पूर म्हणजे काही वाघ नव्हे झडप घालायला. पाणी चढताना दिसतंच की! मग माणसं वेळेवर उठून बाजूला का होत नाहीत?"

विचारणारा बहुधा कृष्णाकाठचा असतो आणि त्याच्या परीने त्याचं बरोबरच असतं. सांगलीत आयर्विन पुलाची पातळी तासातासाला फोनवर येते. पाणी इंच-इंच चढतं, जनावरं सोडायला, धान्याची पोती माळ्यावर टाकायला वेळ मिळतो. तिथला पूर दिवसांच्या हिशेबाने येतो. डोंगरातल्या अरुंद घळीतला पूर मिनिटांच्या हिशेबाने येतो. दोघांना आपण एकच शब्द वापरतो, एवढीच काय ती जवळीक. या दुसऱ्या जातीच्या पुराला जुनी माणसं 'लोंढा' म्हणतात. या प्रकरणात तोच शब्द वापरू.

लोंढा समजून घ्यायला एक जागा आणि एक रात्र घेऊ. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातली बिग थॉम्पसन नदीची घळ, ३१ जुलै १९७६.

१. शनिवारची संध्याकाळ

बिग थॉम्पसन ही रॉकी पर्वतातली एक लहान नदी. उगम राष्ट्रीय उद्यानात, मग एस्टेस पार्क हे हवा खाण्याचं गाव, तिथे एक छोटं धरण, आणि धरणाखाली सुमारे ४० किलोमीटरची घळ. घळ संपली की मैदान आणि लव्हलँड शहर. नदी एरवी ठिकठिकाणी चालत ओलांडावी अशी, ट्राऊट मासे गळाला लावायला येणाऱ्यांची लाडकी. तिच्या अगदी कडेकडेने महामार्ग क्रमांक ३४ जातो. रस्त्याला जागा हवी म्हणून कुठे कडा तासलेला, कुठे नदी रेटलेली. उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत मोटेलं, लाकडी घरं, तंबूंची मैदानं.

तो शनिवार साधा नव्हता. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, कोलोरॅडोला राज्याचा दर्जा मिळून बरोबर १०० वर्षं होत होती. जोडून सुट्टी आली होती आणि घळीत हजारो माणसं मुक्कामाला होती. कुणी शेगडीवर मांस भाजत होतं, कुणी पोरांना पाण्यातून बाहेर बोलावत होतं.

संध्याकाळी सहानंतर घळीच्या वरच्या भागात पाऊस सुरू झाला. रात्री नऊच्या सुमारास पाण्याचा लोंढा घळीतून खाली धावत होता. सकाळ उजाडली तेव्हा ४०० हून अधिक घरं नव्हती, रस्ता मोठ्या भागात नव्हता, आणि मृतांची मोजणी पुढे १४४ वर जाऊन थांबली. कोलोरॅडोच्या इतिहासात इतके बळी घेणारी नैसर्गिक आपत्ती क्वचितच आली असेल.

मराठी वाचकाचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतो : धरण फुटलं असणार! १२ जुलै १९६१ चं पानशेत आपल्या हाडात बसलं आहे. एका शहरात इतकं पाणी एकदम आलं म्हणजे वर काहीतरी फुटलं, असंच आपल्याला वाटतं. इथे मात्र धरण शाबूत होतं. उलट, त्याने वरचं पाणी अडवून धरलं. सगळा घात धरणाच्या खालच्या बाजूला पडलेल्या पावसाने केला. मग एवढा पाऊस एका जागी पडलाच कसा?

२. उभा राहिलेला टँकर

उन्हाळ्यात गल्लीत पाण्याचा टँकर येतो. त्याची तोटी गळत असते. टँकर चालत असेल तर रस्त्यावर ओली रेघ उमटते, दहा मिनिटांत सुकते. तोच टँकर एका दारात तासभर उभा राहिला तर तिथे डबकं होतं. तोटी तीच, गळती तीच.

गडगडाटी ढग हा असा गळका टँकर आहे. त्याला ढकलत नेण्याचं काम उंचावरचे वारे करतात. त्या दिवशी खालच्या थरातला वारा पूर्वेकडून, मैदानावरची दमट हवा घेऊन, डोंगरावर चढत होता. आपल्या घाटावर अरबी समुद्राचा वारा चढतो तसाच, फक्त दिशा उलटी. हवा वर चढली की थंड होते आणि तिच्यातली वाफ पाणी होते. इथपर्यंत रोजचंच. पण उंचावरचे वारे त्या संध्याकाळी अगदी मंद होते. ढग ढकलायला कोणी नव्हतं. खालून दमट हवेचा पुरवठा चालू, वरून हलवणारं कोणी नाही. ढग त्याच डोंगरावर उभा राहून काही तास रिता होत राहिला.

सर्वांत जोराचा पाऊस जिथे झाला तिथे चार-पाच तासांत सुमारे ३०० मिलिमीटर पडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाहिले आहेत, तेव्हा मुंबईकराला हा आकडा किरकोळ वाटेल. पण मुंबईत वर्षाला दोन हजारांच्या वर पडतो. एस्टेस पार्कच्या मुलखात वर्षभराची बेगमी साधारण ३५० मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ वर्षाचा पाऊस एका संध्याकाळी. तिथली माती, झाडं, नाले यांना असल्या पाहुण्याची सवयच नव्हती.

एक छोटं गणित. १ चौरस किलोमीटर जागेवर ३०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३ लाख घनमीटर पाणी. दहा हजार लिटरचे ३० हजार टँकर. फक्त एका चौरस किलोमीटरवर! आणि पाऊस तर कित्येक चौरस किलोमीटरवर कोसळत होता.

३. पत्रा आणि पन्हळ

पण पाऊस म्हणजे पूर नव्हे. शेतात पडलेला पाऊस आधी माती पिते, उरलेला हळूहळू वाहतो. घराच्या पत्र्यावर पडलेला पाऊस मात्र पडल्या क्षणी पन्हळीत येतो आणि पन्हळीच्या तोंडाला धबधबा लागतो. पत्र्यावर पडणारी सर मऊ असते. पन्हळीखाली धरलेली बादली हातातून निसटते.

बिग थॉम्पसनचे डोंगर म्हणजे पत्रा. उभे उतार, ग्रॅनाइटसारखा कठीण खडक, वर मातीचा पातळ थर. आणि घळ म्हणजे पन्हळ. दोन्ही अंगांनी डझनावारी ओढे-ओघळ तिच्यात उतरतात. ड्रेक नावाच्या वस्तीपाशी तर नदीचा उत्तरेकडचा फाटाही येऊन मिळतो. पाऊस या सगळ्यांवर जवळपास एकाच वेळी झाला.

दुसरी गोष्ट आकाराची. एक तांब्या पाणी परातीत ओतलं तर बोटाचं पेर बुडत नाही. तेच पाणी उंच पेल्यात ओतलं तर काठोकाठ येतं. पसरट खोऱ्यातला पूर परातीतला : शेतं बुडवत लांब पसरतो, पण उंची बेताने वाढते. घळीत पसरायला जागाच नसते. पाण्याला एकच दिशा मोकळी, वर. म्हणून वाचलेल्यांच्या आठवणींत पाण्याची भिंत येते. सहा मीटरची भिंत, म्हणजे दुमजली घराएवढी. ती काचेसारखी उभी नसते. घरांची लाकडं, झाडं, मोटारी, दगड यांचा ढीग पुढे लोटत येणारा तो चढ असतो. मध्येच पुलाशी अडतो, तुंबतो, पूल गेला की दुप्पट जोराने सुटतो.

४. तोच आकडा, वेगळी नदी

घळीच्या तोंडाशी त्या रात्री लोंढ्याचा उच्चांक ३१,२०० क्युसेक मोजला गेला. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. गुणाकार केला तर सेकंदाला ८ लाख ८० हजार लिटरच्या आसपास. आपले दहा हजारी टँकर ८८. एका सेकंदाला.

पुणेकर इथे जरा नाक मुरडेल. खडकवासल्यातून तीस-पस्तीस हजार क्युसेक सोडल्याच्या बातम्या त्याने पावसाळ्यात वाचलेल्या असतात. जुलै २०२४ मध्ये विसर्ग ३५ हजारांवर गेला तेव्हा सिंहगड रस्त्याकडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, गाड्या बुडाल्या, लोकांना बोटीने काढावं लागलं. वाईटच होतं ते. पण घरं मुळासकट उचलून पुढच्या वळणावर आपटली गेली नाहीत. आकडा तोच, मग फरक कुठे?

फरक उतारात. बिग थॉम्पसनची घळ ४० किलोमीटरमध्ये ६०० मीटरहून अधिक खाली उतरते. दर किलोमीटरला सरासरी १५ मीटर. मुठेचा उतार त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. उतार वाढला की वेग वाढतो, आणि वेगाचं गणित साधं दामदुपटीचं नसतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा धक्का चौपट होतो. त्याहून अचंबा वाटावा अशी गोष्ट दगडांची : वेग दुप्पट झाला तर पाणी हलवू शकेल अशा सर्वांत मोठ्या दगडाचं वजन ढोबळमानाने ६४ पट होतं. काल नारळाएवढा धोंडा गडगडवणारी नदी आज पाटा-वरवंटा, उखळ, जातं असं सगळं एकत्र बांधून उचलते म्हणा ना. घळीतले मोटारीएवढे दगड पाहून 'हे इथे कोणी आणले?' असं वाटतं. आणणारी बाजूलाच खळखळत असते.

५. दीड वीत पाणी

आता मोटारीकडे येऊ, कारण त्या रात्री अनेकांचा जीव मोटारीपाशी गेला.

मोटार जड असते, ती पाण्यात दटून उभी राहील, असं आपल्याला मनापासून वाटतं. हिशेब करू. लहान गाडी, चार माणसं धरून १,२५० किलो. तळ ४ मीटर लांब, १.७ मीटर रुंद, म्हणजे ६.८ चौरस मीटर. गाडीचा तळ पाण्यात १० सेंटिमीटर बुडाला की ती ०.६८ घनमीटर, म्हणजे ६८० किलो पाणी बाजूला सारते आणि पाणी तिला तेवढ्याच जोराने वर उचलतं. १८-१९ सेंटिमीटर बुडाला की उचल आणि वजन सारखं झालं. त्यात तळ आणि रस्ता यांच्यातली १७ सेंटिमीटरची फट मिळवा. एकूण ३५-३६ सेंटिमीटर. दीड वीत! गुडघ्याच्याही खाली. त्या काळच्या अमेरिकी गाड्या याहून जड असत, पण लांबरुंदही तितक्याच, त्यामुळे उत्तर फारसं बदलत नाही.

दारांच्या फटींतून आत पाणी शिरून गाडी पुन्हा जड होईल, हे खरं. पण त्याला वेळ लागतो. तोवर चाकांची रस्त्यावरची पकड सुटलेली असते आणि गाडी ही एक हलकी होडी झालेली असते, जिला ना वल्हं ना सुकाणू.

मी स्वतः हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा कागद उलटा धरून पुन्हा केला. रस्त्यावरून पाणी वाहत असताना 'निघेल, निघेल' म्हणत मीही एकदा गाडी घातली आहे.

६. पुढे की वर?

गाडीचा दुसरा फसवेपणा मनातला आहे. गाडीत बसलं की सुटका म्हणजे पुढे जाणं. घळीचं तोंड पंधरा किलोमीटरवर आहे, पाण्याच्या आधी तिथे पोचू, असा विचार माणूस करतो. शर्यत पाठीमागच्या पाण्याशी आहे असं त्याला वाटत असतं. पण पाणी फक्त पाठीमागे नसतं. पुढच्या दहा ओघळांतून ते रस्त्यावर आधीच उतरलेलं असतं. रस्ता तर नदीच्या खांद्याला खांदा लावून चाललेला. घळीत रस्ता आणि नदी यांची वाट एकच असते. नदी मोठी झाली की ती रस्त्यावर हक्क सांगते.

सुरक्षित जागा मात्र हाताशी होती. रस्त्यापासून दहा-पंधरा मीटर उंचीवर, बाजूच्या डोंगरावर. धापा टाकत, हातापायांवर रांगत चढलं तरी काही मिनिटांचं काम. पण त्यासाठी हप्ते भरून घेतलेली गाडी, सामान, कोरडी सीट सोडून काळोखात, कोसळत्या पावसात, काट्याकुट्यांत शिरायचं. बुद्धीला हे पटायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ लोंढा देत नाही.

त्यात घळीच्या खालच्या भागात पाऊस फारसा नव्हताच. पोलीस येऊन 'निघा' म्हणत होते आणि लोक आकाशाकडे बघत होते. राज्य गस्ती पोलिसातले सार्जंट ह्यू पर्डी आणि एस्टेस पार्कचे पोलीस अधिकारी कॉनली हे दोघे लोकांना सावध करताना त्याच लोंढ्यात गेले. पुढच्या सकाळी हेलिकॉप्टरांनी कड्यांवर, टेकाडांवर अडकलेल्या ८०० हून अधिक माणसांना उचलून आणलं. ती माणसं रात्रभर भिजली, गारठली, पण होती.

पूर ओसरल्यावर कोलोरॅडो विद्यापीठातल्या ईव्ह ग्रंटफेस्ट या भूगोलाच्या विद्यार्थिनीने एक साधा प्रश्न घेतला : त्या रात्री कोणी नेमकं काय केलं? पाऊस किती पडला, पूल कसा मोडला हे मोजणारे पुष्कळ होते. तिने माणसांच्या हालचाली मोजल्या. वर चढलेले कोण, गाडीतून निघालेले कोण, सूचना मिळालेले कोण, न मिळालेले कोण. निष्कर्ष एका ओळीचा निघाला. पायी वर चढून गेलेले बहुतेक वाचले. गाडीतून घळीबाहेर पळू पाहणाऱ्यांची गत वाईट झाली.

हे ज्ञान आपल्याकडे वेगळ्या रूपात आहे. एका पावसाळ्यात सह्याद्रीत आम्ही ओढ्याकाठच्या सपाट खडकावर डबे उघडून बसलो होतो. ऊन पडलं होतं. पाण्याला चहाचा रंग चढू लागला, त्यावर वाळकी पानं आणि काटक्या एकत्र तरंगत आल्या. आमच्यातल्या कोणाला काही वाटलं नाही. बरोबरचा वाटाड्या उठला आणि म्हणाला, "दादा, उठा. डबा राहू द्या." आवाज चढवला नाही, नुसता माझा दंड धरून वर ओढलं. आम्ही पंधरा-वीस पावलं चढून वळून पाहिलं तर खडक होता. डब्याचं झाकण लावायला उतरू का, असं मी विचारणार, तेवढ्यात खडक नव्हता. पाऊस मागच्या डोंगरापलीकडे पडला होता, आम्हाला न दिसणाऱ्या ठिकाणी. सांदण दरीसारख्या घळी पावसाळ्यात बंद ठेवतात, त्याचं कारण हेच.

७. 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे काय?

आता एका गैरसमजाचं बघू. 'हा शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर होता' असं अधिकारी सांगतात आणि ऐकणारा सुटकेचा श्वास टाकतो. आला, गेला, आता नातवांच्या वेळी!

शब्द फसवा आहे. समजा, एका डब्यात १०० चिठ्ठ्या आहेत, त्यांतल्या एकीवर 'पूर' लिहिलं आहे. दरवर्षी एक चिठ्ठी काढायची, वाचायची आणि पुन्हा डब्यात टाकायची. यंदा 'पूर' निघाला म्हणून पुढच्या वर्षी तो निघायची शक्यता कमी होत नाही. डब्याला आठवण नसते. पूर न निघण्याची शक्यता दरवर्षी ०.९९. घराचं कर्ज ३० वर्षांचं असेल तर ०.९९ ला तीस वेळा गुणा. उत्तर सुमारे ०.७४. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी 'पूर' निघण्याची शक्यता २६ टक्के, चारात एक. चारात एक शक्यता असलेल्या अपघाताला आपण 'नातवांच्या वेळी' म्हणत नाही.

बोल्डर शहरात ओढ्याच्या काठी एक खांब उभा आहे, गिल्बर्ट व्हाइट या भूगोलतज्ज्ञाच्या स्मरणार्थ. पुरापेक्षा पूररेषेत घरं बांधणारा माणूस त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. खांबावर ५० वर्षांच्या, १०० वर्षांच्या, ५०० वर्षांच्या पुराच्या खुणा आहेत. आणि त्या सगळ्यांच्या वर एक खूण : बिग थॉम्पसनसारखा लोंढा इथे आला तर पाणी इथवर येईल. बाकीच्या खुणा पाहताना मान सरळ राहते, ही पाहताना वर करावी लागते.

सप्टेंबर २०१३ मध्ये त्याच मुलखात पुन्हा आपत्ती आली, ३७ वर्षांनी. या वेळी ढग नव्हे, आठवडाभराची झड होती. महामार्ग ३४ पुन्हा उखडला. घरं पुन्हा गेली. पण घळीतले मृत्यू दोन. तुलना सरळ करता येत नाही, कारण पाऊस वेगळा, महिना वेगळा, आणि सुट्टीची गर्दीही नव्हती. तरी १९७६ नंतर काठच्या काही जमिनी विकत घेऊन तिथे घरांऐवजी उद्यानं ठेवली होती. नदीने ती बुडवली तेव्हा तिथे झोपलेलं कोणी नव्हतं.

८. पाटी आणि यादी

कोलोरॅडोच्या घळींतून गाडी चालवताना रस्त्याकडेला एक पाटी दिसते. चढावर हातपाय मारणारा एक माणूस, खाली पाण्याच्या लाटा, आणि मजकूर साधारण असा : लोंढा आला तर वर चढा. किती मीटर, कुठल्या बाजूला, काही नाही. गाडीच्या वेगात वाचून होईल एवढंच. ही पाटी १९७६ नंतर लागली.

ड्रेकपाशी, घळीच्या मध्यावर, गेलेल्यांच्या नावांचं स्मारक आहे. दर ३१ जुलैला तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या ठिकाणी लोक जमतात. वाचलेले आता म्हातारे झाले आहेत.

नावांच्या या यादीची एक गोष्ट राहिली. सुरुवातीला मोजणी १४५ होती. २००८ मध्ये एक स्थानिक स्त्री यादीतल्या एकेका नावामागचं माणूस शोधत होती. कोण होता, कुठून आला होता, घरी मागे कोण राहिलं. शोधता शोधता तिने ओक्लाहोमातल्या एका माणसाचा ठावठिकाणा लावला आणि फोन केला. पलीकडून त्यानेच उचलला. पूर येण्याआधीच तो कुटुंबाला घेऊन घळीतून निघून गेला होता आणि आपण ३२ वर्षं मृतांत जमा आहोत याचा त्याला पत्ताच नव्हता. यादीतून एक नाव कमी झालं.